नाव असलेली प्यादी

बुद्धिबळात प्यादे मारले गेले की आपण हळहळतो, ते डाव बिघडला म्हणून, प्याद्यासाठी नव्हे. पण त्या प्याद्याला नाव असते तर? ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी व्हिडिओ गेमचे मर्म आम्हांस या प्रश्नात दिसते. निन्टेन्डोसाठी इंटेलिजंट सिस्टिम्सने तो १९९० साली प्रथम काढला. शोझो कागा हे त्याचे आद्य रचनाकार. त्यानंतर त्याचे अनेक भाग निघाले.

चौकटींच्या पटावर आधी आपले योद्धे चालतात, मग शत्रूचे. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. हा नियम १९९६ मध्ये आला आणि पुढे बऱ्याच भागांत राहिला. उडत्या घोड्यावरील स्वाराला बाणाचे भय. एवढे ध्यानी ठेवले की नवशिक्याचे निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे संयमाचे. पहिल्या भागात राजपुत्र मार्थच्या पदरी जेगन हा वयस्क सरदार आहे. आरंभी तोच बलवान, म्हणून नवशिका प्रत्येक लढाई त्याच्यावर सोपवतो. जेगनचे बळ फारसे वाढत नाही, आणि तरुण मात्र कच्चे राहतात. वडीलधाऱ्याने ढाल व्हावे, यश तरुणांस मिळू द्यावे.

एरवी जो पडला तो बहुधा कायमचा गेला. २०१० पासून पडलेले परत येण्याची सवलत निवडता येते. नवशिक्याने ती खुशाल घ्यावी. पुढे मात्र एकदा तिच्यावाचून खेळावे. जिंकल्यावरही एक नाव कमी आहे हे जाणवते, तेव्हा सेनापतीची जबाबदारी कळते.