सोमनाथपूरच्या वाटेवर एक सायकल भेटेल

म्हैसूरला जाणारी मराठी कुटुंबं हल्ली राजवाडा आणि चामुंडी टेकडीबरोबर सोमनाथपूरचं केशव मंदिरही यादीत ठेवतात. 2023 मध्ये बेलूर-हळेबीडसोबत या होयसळ मंदिराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. तिथे जाण्याची नेहमीची वाट बन्नूर गावातून जाते. म्हैसूर ते बन्नूर साधारण 25 किलोमीटर, बाजूला भात आणि ऊस. खिडकीतून फोटो काढावेत असाच रस्ता!

पण आपल्या सहलीचा हा रस्ता इथल्या मुलांच्या शाळेचा आहे. कर्नाटक सरकारने 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. सायकलमुळे कितीतरी मुलींची शाळा टिकली. त्यांच्यासाठी रस्ता मात्र वेगळा झाला नाही. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती.

गाडी चालवताना आपण हॉर्न वाजवतो आणि समजतो, झालं आपलं काम. मागून अचानक हॉर्न आला की मूल दचकतं, मान वळवतं आणि मानेबरोबर हँडलही वळतं. शिवाय साइडपट्टी खचलेली असेल तर त्याला बाजूला व्हायला जागाच नसते. चाक डांबरावरून खाली गेलं की पुन्हा वर चढवताना सायकल घसरते, तीही रस्त्याच्या बाजूला. म्हणून समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असेल तर सायकलच्या मागेच थांबा. हिशेब करून बघा: ताशी 60 ऐवजी सायकलच्या 15 च्या वेगाने दहा सेकंद गेलात, तर जेमतेम साडेसात सेकंद उशीर होतो. आपण चहाच्या टपरीवर त्याहून जास्त वेळ सुट्टे शोधण्यात घालवतो.

ओलांडताना किती अंतर ठेवायचं? ब्रिटनच्या नियमपुस्तिकेत 2022 पासून ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर सांगितलं आहे, वेग जास्त तर अंतरही जास्त. दीड मीटर म्हणजे मध्ये जवळजवळ एक सायकल आडवी मावेल एवढी जागा.

सायकलवाल्यांनाही थोडं सांगायला हवं. गप्पा मारत तिघे एका रांगेत, कानात इअरफोन, वाहनं समोरून दिसावीत म्हणून उजव्या बाजूने जाणं, हे सगळं आपण पाहतो. सर्वांत वाईट म्हणजे चढावर ट्रॉलीला धरून जाणं. ट्रॅक्टर वळला की ट्रॉलीचं मागचं चाक आतल्या बाजूने येतं आणि धरलेल्या मुलाला ते दिसतही नाही. चाक डांबराखाली गेलंच तर उतरून सायकल उचलून वर घ्यावी.

मंदिरापाशी गाडी लावलीत की दार पटकन उघडू नका. ड्रायव्हरने उजवं दार डाव्या हाताने उघडावं. खांदा आपोआप वळतो, आरसा आणि मागचा रस्ता दोन्ही दिसतात. नेदरलँड्समध्ये रुजलेली ही सवय मागच्या सीटवरच्या मुलांनाही लावता येते: दार डावीकडे असेल तर उजवा हात.

आणि घरी परतल्यावर मुलीच्या सायकलचा मागचा मडगार्ड पाहा. रेडियम निघालं असेल तर सायकलच्या दुकानातून नवीन लावून घ्या, पेडलवरही. संध्याकाळी क्लासहून येताना मागच्या गाडीला आधी तेवढंच दिसतं.