आतड्यातून घडलेला मूत्राशय

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव यशवंतगडाच्या आसऱ्याने जैतापूरच्या खाडीकाठी वसलेले असून तेथील, आणि विशेषतः शेजारच्या साखरी नाटे येथील, पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ समुद्रावर चालतो. कोकणातल्या अशा एखाद्या घरी कर्त्या पुरुषाच्या लघवीतून अकस्मात रक्त गेले, वेदना मुळीच झाली नाही आणि दोन दिवसांत ते आपोआप थांबले, म्हणजे ‘उन्हाळी लागली असेल’ असे म्हणून धन्याजिऱ्याचे पाणी द्यावे आणि विषय मिटवावा, याकडे आपला कल असतो. हा कल घातक आहे. वेदनेवाचून जाणारे रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख लक्षण होय, आणि विडी-सिगारेटचा धूर हे त्या रोगाचे सर्वांत मोठे कारण होय.

रोग अस्तरापुरता असतो तोवर दुर्बिणीतून खरवडून काढता येतो. पण तो स्नायूच्या थरात शिरला की बहुधा संपूर्ण मूत्राशयच काढावा लागतो. मूत्रपिंडांचे काम मात्र अव्याहत चालूच असते. दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास तयार होणाऱ्या या मूत्राची तजवीज कशी लावावी, हा प्रश्न शस्त्रवैद्यांपुढे शंभर वर्षांहून अधिक काळ उभा होता, आणि त्याचे उत्तर त्यांना रोग्याच्याच आतड्यात सापडले.

मूतखडा काढण्यासाठी मूत्राशयाचा छेद घेणे आणि फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडणे, असे दोन्ही विधी सुश्रुतसंहितेत सांगितलेले आहेत. आतड्यातून मूत्राला वाट करून देण्याची कल्पना मात्र आधुनिक काळाची. १८५२ साली लंडनमध्ये जॉन सायमन यांनी, जन्मतःच मूत्राशय उघडा राहिलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्यांची वाट गुदाशयाकडे वळविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे कित्येक दशके मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यातच सोडण्याची वहिवाट पडली. परंतु मळातील जंतू मूत्रपिंडांपर्यंत चढत, रक्तातील क्षारांचा तोल बिघडे, आणि वर्षानुवर्षांनी त्या सांध्यावरच कर्करोग उद्भवल्याचेही दाखले मिळाले. १९५० साली अमेरिकेतील यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा एक तुकडा मुख्य मार्गापासून अलग करून, त्यातून मूत्र पोटाबाहेर काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि मूत्राची वाट मळाच्या वाटेपासून कायमची वेगळी झाली.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे पंधरा सेंटिमीटरचा तुकडा दोन्हीकडून कापून घेतात. पण मोठ्या आतड्याला लागून असलेला अगदी अखेरचा वीतभर भाग शक्यतो तसाच ठेवतात, कारण ब-१२ जीवनसत्त्व तेथेच शोषले जाते. तुकडा कापला तरी ज्या पातळ पडद्यातून त्याला रक्त पोहोचते तो पडदा शाबूत राखलेला असतो, म्हणून तो जिवंत, गुलाबी आणि सळसळता राहतो. उरलेले आतडे पुन्हा जोडून अन्नाचा मार्ग पूर्ववत केला जातो, दोन्ही मूत्रवाहिन्या तुकड्यात बसवितात आणि त्याचे एक तोंड पोटाच्या उजव्या बाजूस बाहेर काढून तेथे चिकटपिशवी लावतात.

मूत्र पोटातच साठवावयाचे असेल तर अधिक लांबी लागते, सुमारे चाळीस ते साठ सेंटिमीटर. आतडे नळीच्या रूपात ठेवले तर ते आपल्या धर्माप्रमाणे आकुंचन पावून मूत्र बाहेर रेटीत राहील. म्हणून सदऱ्याची बाही उसवून तिचे सपाट कापड करावे तसे ते उभे उकलून, दुमडून, पुन्हा शिवून त्याचा गोल साठा बनवितात. त्यामुळे आकुंचनाचा जोर विखुरतो आणि आतील दाब कमी राहतो. हा साठा रोग्याच्या मूळ मूत्रमार्गाला जोडण्याची पद्धत १९८०च्या दशकात उल्म येथील हाउटमन आणि बर्न येथील स्टुडर यांनी स्थिरपद केली. क्षयाने आकसून गेलेल्या मूत्राशयाला आतड्याचे ठिगळ लावून तो मोठा करण्याची शस्त्रक्रिया हीच विद्या वापरते, आणि क्षयाने पीडित अशा आपल्या देशात तिचे महत्त्व विशेष आहे.

आतड्याची जागा बदलता येते, प्रकृती बदलता येत नाही. शोषून घेणे हा त्याचा स्वभाव असल्यामुळे ते मूत्रातील आम्लद्रव्ये रक्तात परत ओढते आणि मग रोग्याला सोडिअम बायकार्बोनेट, म्हणजे स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडाच, वैद्याने ठरविलेल्या मात्रेत घ्यावा लागतो. ते बुळबुळीत स्रावही सोडीत राहते. त्याने नळी तुंबते, खडे धरतात. शिवाय नव्या मूत्राशयाला भरल्याची जुनी जाणीव नसते, म्हणून रोग्याला घड्याळ पाहून, प्रारंभी रात्रीदेखील उठून, तो रिकामा करण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते.

म्हणूनच दोहोंपैकी कोणती रीत स्वीकारावी, याचा निर्णय मूत्रपिंडांची शक्ती आणि रोगाचा विस्तार यांवर जसा, तसाच रोग्याच्या घरावरही अवलंबून असावा, असे माझे ठाम मत आहे. नाट्याचा रोगी राजापूर रोड स्थानकावरून मुंबईस, परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात गेला, तर शस्त्रक्रिया तेथे होईल; पण पुढची सारी वर्षे त्याला नाट्यातच काढावयाची आहेत. पिशवीची जागा शस्त्रक्रियेपूर्वी शाईने आखताना त्याला उभे करून, खुर्चीवर आणि मांडी घालूनही बसवून पाहिले पाहिजे. पुरुषाच्या कमरेचा रुमाल, बाईच्या परकराची नाडी नेमकी कोठे येते हे तपासले पाहिजे. आषाढातील दमट हवेत घामाने पिशवीची कड सुटते. जवळच्या बाजारात तशीच दुसरी मिळेल की नाही, याची चौकशी घरी परतण्यापूर्वीच व्हावयास हवी.

आणि एक कागद त्याच्याजवळ सदैव असावा. आतड्यातून वाहणाऱ्या मूत्रात जंतू व स्राव बहुधा असतातच. ताप किंवा वेदना नसता केवळ तपासणीच्या अहवालावरून औषधांचा मारा करू नये, लघवी अडल्यास नळी जोर करून घालू नये, क्रिएटिनिन, क्षार आणि ब-१२ यांची तपासणी ठरल्या वेळी करावी, आणि मूत्राशय कोणत्या साली, आतड्याच्या कोणत्या भागातून केला, एवढा मजकूर त्यावर स्वच्छ मराठीत लिहिलेला असला, तर मध्यरात्री राजापूरच्या दवाखान्यात त्याला प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरला पुढे काय करावयाचे ते उमजेल.