मराठीसाठी परवानगी कशाला?

१९५६ पासून सीमाभाग मराठीसाठी झगडतो आहे. मराठी परिपत्रके मागायची ती आम्ही मागतच राहू. पण संगणकावर मराठी आणायला कोणत्याही कचेरीपुढे हात पसरावे लागत नाहीत, हे आमच्या किती वाचनालयांना ठाऊक आहे?

‘लिब्रेऑफिस’ घ्या. अर्ज, ठराव, हिशेब सारे त्यात होते. त्याचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात आणि पैसा पडत नाही. शोधताना मात्र ‘फुकट’ शब्दाला भुलू नये. फुकट दिलेली वस्तू उद्या देणाऱ्याने बंद केली तर आपण काय करणार? खुल्या परवान्याचे सॉफ्टवेअर कितीही जणांना वाटता येते, जाणकाराला दुरुस्तही करता येते. तेव्हा आधी परवाना पाहावा, मग शेवटची सुधारणा कधी झाली ते पाहावे.

अक्षरांचेही तसेच. जुन्या छापखानी फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची भुते होतात. युनिकोडमध्ये तसे होत नाही. त्यातला ‘मुक्ता’ हा देखणा फाँट खुल्या परवान्यावर मिळतो.

मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवला आहे. शब्द टाकला की अर्थ समोर. मराठी विक्शनरीत तर कोणालाही शब्द घालता येतो. कन्नडच्या शेजाराने आमच्या बोलीत रुळलेले शब्द तिथे आम्हीच घालायचे. पुण्याहून कोण येणार?

आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. आपल्या गावाचे पान तिथे आहे का, असल्यास शाळेचे साल आणि जत्रेची तिथी बरोबर आहे का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात.