बाणाचा पण आणि आकड्याचा पण

‘पण’ हा शब्द मोठा द्व्यर्थी आहे. द्रौपदीच्या स्वयंवरांत जो लाविला होता तोही पणच, आणि पुढें हस्तिनापुरच्या सभेंत धर्मराजानें जो लाविला तोही पणच. पहिला पण अर्जुनानें ब्राह्मणवेषांत उठून, धनुष्य वांकवून व लक्ष्य भेदून जिंकिला. दुसऱ्या पणांत तीच द्रौपदी फांशांवर घालविली गेली. जें धनुष्यानें घरांत आणिलें तें फांशांनीं घराबाहेर काढिलें. एकाच कुटुंबांत घडलेल्या ह्या दोन गोष्टी आम्हीं लहानपणीं वडील माणसांच्या तोंडून कितीदां तरी ऐकिल्या. परंतु ह्या दोन पणांत भेद कोणता, हा प्रश्न आमच्या मनांत आला तो मात्र अलीकडे, तिरंदाजीवर लागणाऱ्या पैजांची हकीकत वाचतांना. ती हकीकत मनोरंजक आहे व बोधप्रदही आहे. म्हणून वाचकांपुढें ठेवीत आहों.

धनुर्विद्या आतां रणांगणांतून उठून क्रीडांगणांत आली आहे, हें सर्वश्रुत आहे. तिचा एक प्रकार तर छपराखालीं, बंद सभागृहांत खेळला जातो. तेथें वारा नाहीं, पाऊस नाहीं, डोळ्यांवर येणारें ऊन नाहीं. तिरंदाज १८ मीटर अंतरावरून बाण सोडतो. सामान्यतः लक्ष्याचा कागद ४० सेंटिमीटर व्यासाचा, आणि त्याच्या मध्यभागीं दहा गुणांचें वर्तुळ अवघ्या ४ सेंटिमीटरांचें. चाकें बसविलेल्या ‘कंपाउंड’ धनुष्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तर तें २ सेंटिमीटरांचेंच धरतात. अमेरिकेंत लास व्हेगास येथें दरवर्षीं ह्या प्रकारची एक मोठी शर्यत भरते. तीन दिवस, दररोज ३० बाण, प्रत्येक बाणास जास्तींत जास्त १० गुण. म्हणजे पूर्ण गुण ९००. आश्चर्य असें कीं, हे पूर्ण ९०० गुण मिळविणारे तिरंदाज अनेकदां एकाहून अधिक निघतात, आणि मग त्यांच्यांतील श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यासाठीं पुन्हां बाण सोडावे लागतात.

लास व्हेगासची दुसरी कीर्ति कोणती, हें सांगावयास नको. द्यूतगृहांच्या त्या नगरींत नव्वद बाणांपैकीं एकही न चुकविणारे हात जमावेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. हल्लीं पाश्चात्य देशांत कोणत्याही खेळावर पैसे लाविण्याची सोय हातांतल्या दूरध्वनियंत्रावर झाली आहे, आणि तिरंदाजीही तींतून सुटलेली नाहीं. अशी पैज लाविणारा गृहस्थ आपली बाजू मोठ्या ऐटीनें मांडतो. तो म्हणतो, “मी जुगार खेळत नाहीं. कोणाचा हात स्थिर, कोणाची दृष्टि तीक्ष्ण, हें मी अभ्यासिलें आहे. माझा पैसा माझ्या ज्ञानावर लागला आहे.” ह्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतीसंबंधानें निर्णय देतांना ती मुख्यतः कौशल्याची बाब मानिली. परंतु थोडें खोल पाहिलें म्हणजे ह्या युक्तिवादांतील वैगुण्य ध्यानांत येतें. कौशल्य जसजसें पूर्णत्वास पोंचतें, तसतसा बाहेरून पाहणाऱ्याच्या ज्ञानाचा उपयोग कमी होतो. एकाचा नेम चांगला व दुसऱ्याचा वाईट असेल तर कोण जिंकेल हें सांगतां येईल. परंतु ज्यांचे नव्वदही बाण दहांत लागले अशा पांचसहा जणांपैकीं कोणाचा पुढचा बाण केसभर सरकेल, हें त्यांचे गुरुही सांगूं शकत नाहींत. तेथें पैज लाविणाराचा ‘अभ्यास’ संपतो आणि निव्वळ नाणेफेक उरते. ज्यांस खरोखर आंतलें ज्ञान आहे त्या खेळाडूंस व पंचांस तर आपल्या खेळावर पैज लाविण्याची ऑलिंपिक संघटनेच्या नियमांनींच बंदी केलेली आहे.

तथापि ह्या विषयाचें खरें मर्म पाहावयाचें तर लास व्हेगासपर्यंत जावयास नको. आपल्याच देशांत, मेघालयाची राजधानी शिलाँग येथें, रविवार सोडून बहुतेक दररोज तिरंदाजीवर पैसे लागतात, आणि तेंही कायद्याच्या संमतीनें. ह्या खेळास ‘तीर’ असेंच नांव आहे. धनुर्विद्या ही खासी लोकांची पिढीजाद विद्या. मुलाच्या बारशाच्या वेळीं त्याच्यासमोर धनुष्य व तीन बाण ठेवण्याची त्यांची चाल १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या गर्डनसाहेबांच्या खासी लोकांवरील ग्रंथांत नमूद आहे. गांवोगांवच्या तिरंदाजांचे सामने हा त्यांचा जुना करमणुकीचा प्रकार. त्या सामन्यांभोंवतीं पैजा जमूं लागल्या, त्या पैजांचा पुढें धंदा झाला, आणि १९८२ च्या कायद्यानें मेघालय सरकारनें त्या धंद्यास परवाना देऊन त्यावर कर बसविला.

खेळाची रीत अशी. निरनिराळ्या मंडळांचे तिरंदाज मैदानांत अर्धवर्तुळाकार बसतात. समोर गवताच्या पेंढीचें नळकांड्यासारखें लक्ष्य उभें केलेलें असतें. खूण होतांच कांहीं मिनिटें त्यावर बाणांचा पाऊस पडतो. पहिल्या फेरींत प्रत्येकानें ३० बाण सोडावे, दुसऱ्या फेरींत २०. वेळ संपली म्हणजे लक्ष्यांत रुतलेले बाण सर्वांसमक्ष मोजले जातात. समजा, ७४३ बाण लागले. तर त्या संख्येचे शेवटचे दोन अंक, म्हणजे ४३, हा त्या फेरीचा आकडा. ज्यांनीं सकाळपासून दुकानांत जाऊन ४३ वर पैसे लाविले असतील ते जिंकले, बाकीचे सारे हरले.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें, कारण साऱ्या गोष्टीचें मर्म येथेंच आहे. कोणत्या तिरंदाजाचा नेम चांगला, कोणतें मंडळ वरचढ, ह्याचा त्या ४३ शीं कांहीं एक संबंध नाहीं. एखाद्या धनुर्धराचा शेवटचा बाण अचूक लागला, तर ४२ चा ४३ होतो. चुकला, तर ४२ च राहतो. त्याच्या अचूकपणानें कोणाचें कल्याण होईल व कोणाचें नुकसान, हें त्यासही ठाऊक नाहीं. पिढ्यान् पिढ्या जतन केलेलें कौशल्य येथें सोंगट्यांच्या डब्यासारखें केवळ हालविण्याच्या कामीं आलें आहे. बाण सोडणाराजवळ विद्या आहे. पैसे लाविणाराजवळ केवळ आकडा आहे.

मग तो आकडा निवडावा कसा? ज्ञान जेथें चालत नाहीं तेथें शकुन चालतात. शिलाँगांत स्वप्नांवरून आकडे काढण्याचें एक शास्त्रच झालें आहे. रात्रीं स्वप्नांत पुरुष दिसला तर ६, स्त्री दिसली तर ५, अशा संकेतांची देवघेव सकाळीं चहाच्या दुकानांत चालते. ह्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मुंबईच्या आकड्याच्या जुगाराची हकीकत याहून निराळी नाहीं. न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत, त्यांच्या अंकांवर लोक पैसे लावीत. १९६१ सालीं ते भाव येणें बंद झालें, तेव्हां चिठ्ठ्या मडक्यांत घालून काढूं लागले, आणि त्या मडक्यावरूनच ‘मटका’ हें नांव रूढ झालें. गिरणगांवांतील कितीएकांची मजुरी त्या मडक्यांत गेली. कापूस काय, चिठ्ठी काय आणि बाण काय, जुगारास केवळ न सांगतां येणारा आकडा हवा असतो. फरक इतकाच कीं, शिलाँगची मोजणी उघड्या मैदानांत होते, दुकानदारास परवाना लागतो व सरकारास कर मिळतो. हा फरक लहान नाहीं. परंतु हिशेब त्यानें बदलत नाहीं.

तो हिशेब आतां पाहूं. आमच्या घरांतील मॅट्रिकच्या वर्गांतल्या मुलामुलींनींही तो करून पाहावा. ‘तीर’ खेळांत पहिल्या फेरीचा आकडा बरोबर आला तर एका रुपयास ८० रुपये मिळतात, दुसऱ्या फेरीस ६०, आणि दोन्ही फेऱ्यांचे आकडे एकदम बरोबर सांगितले तर ४०००. आकडे ०० पासून ९९ पर्यंत शंभर. सर्वांस सारखीच संधी धरिली, तर पहिल्या फेरींत शंभरही आकड्यांवर एकेक रुपया लाविणारा शंभर रुपये देऊन ८० परत घेईल; दुसऱ्या फेरींत शंभर देऊन ६०. दोन्ही फेऱ्यांच्या जोड्या दहा हजार होतात. तेथें दहा हजार देऊन चार हजारच परत, म्हणजे शेंकडा ४०. बक्षीस जितकें डोळे दिपविणारें, तितकी कापणी मोठी, हा नियम ह्या तीन आंकड्यांत स्वच्छ दिसतो.

समजा, एखाद्या गृहस्थानें पहिल्या फेरीवर रोज दहा रुपये लाविण्याचा नेम वर्षांत ३०० दिवस पाळिला. खर्च ३००० रुपये. सरासरीनें त्यास तीनदां यश येईल व प्रत्येक वेळीं ८०० प्रमाणें २४०० रुपये मिळतील. सहाशें गेले. परंतु सरासरी म्हणजे प्रत्येकाचें नशीब नव्हे. शंभर आकडे आहेत, तेव्हां शंभर दिवसांत एकदां तरी आपला आकडा येईलच, अशी सर्वांची समजूत असते. ती चुकीची आहे. शंभर जणांनीं शंभर दिवस हा खेळ खेळिला, तर त्यांपैकीं सुमारें ३७ जणांस एकदांही यश येणार नाहीं. तीनशें दिवसांनंतरही पांच जणांच्या हातीं कांहींच लागलेलें नसेल. आणि जो आकडा पुष्कळ दिवस आला नाहीं तो आतां ‘यावयाचाच’, ही दुसरी समजूत तर पहिलीहूनही घातक. काल किती बाण लागले ह्याची आठवण आजच्या बाणांस नसते. आठवण असते ती हरणारास. आणि गेलेले पैसे परत आणण्यासाठीं तो उद्यां दहाचे वीस करतो.

हें सारें नवीन आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वैदिक काळचें द्यूत चौकोनी फांशांचें नसून बेहड्याच्या फळांचें होतें, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. मूठभर फळें उचलावीं, चार चार करून मोजावीं. बाकी कांहीं न उरली तर ‘कृत’, तीन उरलीं तर ‘त्रेता’, दोन उरलीं तर ‘द्वापर’, आणि एकच उरलें तर ‘कलि’. शिलाँगांत बाणांची संख्या शंभरानें भागून बाकी पाहतात, आमचे पूर्वज फळांची संख्या चारानें भागून बाकी पाहत, खेळ तोच. आणि त्याचा परिणामही तोच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत त्या जुगाऱ्याची बायको दुरावली आहे, सासू त्याचा तिरस्कार करते, आणि त्यास शेवटीं उपदेश मिळतो तो शेतीकडे वळण्याचा.

ह्याच संदर्भांत नलराजाची कथा नव्यानें वाचण्यासारखी आहे. राज्य फांशांवर घालवून सारथ्याचें काम पत्करलेल्या नलास वाटेंत ऋतुपर्ण राजा भेटलेल्या बेहड्याच्या वृक्षाचीं पानें व फळें किती, हें न मोजतां सांगतो. नलाचा विश्वास बसत नाहीं. तो रथ थांबवून झाड तोडतो, मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. तेव्हां ऋतुपर्ण त्यास अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म, शिकवितो; आणि तें ज्ञान होतांच नलाच्या शरीरांतील कलि बाहेर पडतो. कलि निघाला तो शाप देऊन नव्हे, उपासानें नव्हे, तर गणितानें. घराघरांतील वडील मंडळींनीं ही खूण लक्षांत ठेवावी. ज्याच्या हातीं पैजेचें व्यसन लागलें आहे अशा तरुणास रागें भरल्यानें तो चोरून खेळूं लागतो. त्याच्यापुढें वही ठेवून वर्षभराचा जमाखर्च त्याच्याच हातानें मांडावयास लावणें अधिक गुणकारी. २०२५ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें पैशाच्या खेळांस तारायंत्रांच्या जाळ्यावर मनाई करणारा कायदा केला आहे. परंतु यंत्र प्रत्येकाच्या खिशांत असतां केवळ कायद्यानें घराचें रक्षण होईल असा भरंवसा कोणीं धरावा?

आणि धनुष्याचें काय? त्याचा पहिला पण अजून जिवंत आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजीं बर्लिन येथील जागतिक शर्यतींत आपल्या सातारची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षीं १५० पैकीं १४९ गुणांनीं जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशीं नागपूरच्या ओजस देवतळे यानें अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण घेतले. त्या पंधरा बाणांमागें न दिसणारे हजारों बाण असतील. त्या बाणांवर त्यांनीं लाविलें तें आपलें वय, आपली झोंप आणि आपला हात. दुसऱ्याचा पैसा नव्हे. अशा पणांत हरलेला मनुष्यही कांहीं तरी मिळवून उठतो, कारण नेम सुधारलेला हात त्याच्यापाशीं उरतो. आकड्याच्या पणांत जिंकलेला मनुष्य मात्र उद्यां पुन्हां तेथेंच जाऊन बसतो. आपल्या मुलांनीं ह्या दोहोंतील कोणता पण लावावा, हें वाचकांच्या घरींच ठरावयाचें आहे.