शर्यत न जिंकणाऱ्यांची धाव

कॅलिफोर्नियात ‘कंटिन्युएशन स्कूल’ नावाचा शाळांचा एक प्रकार आहे. नियमित शाळेत मागे पडलेली, शिक्षण सुटण्याच्या बेतात असलेली मुले तिथे येतात. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील अशाच एका शाळेत हॅरी शाबाझियन शिक्षक होते. १९८६ साली त्या शहराची पहिली मॅरेथॉन झाली, ती ते धावले. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांनाच सोबत घेतले. पुढे एरिक स्पिअर्स आणि पॉल ट्रपानी हे शिक्षकही सामील झाले आणि त्यातून ‘स्टुडंट्स रन एलए’ ही संस्था उभी राहिली. फिलाडेल्फियातही याच धर्तीवरचा उपक्रम चालतो.

हे सारे वाचताना मला एक प्रश्न सतावत राहिला. फुटबॉल नाही, बास्केटबॉल नाही, मग ४२ किलोमीटरच का?

एक कारण शरीरात आहे. काही आठवडे सावकाश धावले की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, आणि मागच्या महिन्यात दम काढणारा चढ यंदा बोलत बोलत चढता येतो. ज्या मुलाला आपल्या कष्टाचे फळ कधी दिसलेलेच नाही, त्याला हा हिशेब कुणी समजावून सांगावा लागत नाही. हाडे आणि स्नायुबंध मात्र हृदयापेक्षा मंदगतीने तयार होतात. वाढत्या वयात घाई केली तर दुखापत ठरलेली. म्हणून अंतर टप्प्याटप्प्याने वाढवतात: आधी ५ किलोमीटर, मग १०, मग अर्धमॅरेथॉन, असे करत सहाएक महिन्यांनी पूर्ण अंतर.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. इथे शिक्षक शिट्टी घेऊन कडेला उभा राहत नाही, मुलांबरोबर धावतो. पुष्कळदा मुलाआधी तोच थकतो, आणि ते मुलाला दिसते. शेजारी शेजारी धावताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. घरची जी गोष्ट वर्गात विचारली तर मूल गप्प बसेल, ती दहाव्या किलोमीटरला आपसूक बाहेर येते. वारीत चाललेल्यांना हे वेगळे सांगायला नको!

या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले शालान्त शिक्षण पूर्ण करतात, असे संस्था सांगते. या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. सहा महिने पहाटे उठून येणारे मूल मुळातच चिवट असते. त्यात धावण्याचा वाटा किती, हे निवडून काढणे कठीण. शिवाय मधेच सोडून गेलेल्यांचे काय झाले, तेही पाहायला हवे.

आता आपल्याकडे. नाशिकच्या हरसूल पट्ट्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली घडली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. तिच्या मागून मोनिका आथरे, संजीवनी जाधव आल्या. ही परंपरा थोरच. पण तिची चाळणी पदकासाठीची आहे. तालुक्याच्या शर्यतीत पंधरावी आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली का, हे विचारणे कुणाचेच काम नसते. शाबाझियन यांच्या पद्धतीत मात्र सगळा खटाटोप या पंधराव्या मुलीसाठीच आहे.

खर्च म्हणाल तर मुख्यतः बुटांचा. अवघड आहे ते प्रौढ माणूस मिळणे, दर रविवारी पहाटे येणारे, तेही सहा महिने न चुकता. आपल्या मोठ्या शर्यतींत पूर्ण मॅरेथॉनला अठरा वर्षांची अट असते, तेव्हा आश्रमशाळेतल्या नववीच्या मुलांसाठी शेवटचा टप्पा १० किलोमीटरचा ठेवावा लागेल. तेवढ्यानेही काम भागेल. शर्यत एका सकाळची, तिच्या आधीचे रविवार पंचवीस.