सुटू शकणारा सांधा

जपानी सुतारकामाची स्तुती बहुधा एकाच मुद्द्यावर थांबते: खिळा न मारता उभी राहिलेली मंदिरं. हे अर्धसत्य आहे. नाराजवळच्या होर्यूजी मंदिरात घडीव लोखंडाचे खिळे आहेत आणि तिथले प्रमुख सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) त्या जुन्या लोखंडाची वाखाणणी करत. सांध्याचं खरं मोल तो सोडवता येण्यात आहे. ‘कानावा-त्सुगी’ घ्या. दोन्ही लाकडांची टोकं हुबेहूब एकसारखी कापतात, बाजूने एकमेकांवर बसवतात आणि लांबीच्या दिशेने सरकवतात. टोकांवरच्या कुसा समोरच्या खाचांत शिरतात, मध्ये एक चौकोनी फट उरते आणि तिच्यात ठोकलेली पाचर सगळं आवळून धरते. पाचर काढली की सांधा मोकळा. खांबाचा पाया कुजला तर तेवढाच भाग कापून याच सांध्याने नवं लाकूड जोडतात; वरचा जुना खांब तसाच राहतो. याकुशीजी मंदिराचा इ.स. ७३० चा पूर्व मनोरा २००९ नंतर पूर्ण उतरवून, दुरुस्त करून पुन्हा उभारला गेला. सरसकट खिळे ठोकून जखडलेल्या वास्तूत हे करायचं तर बरंच लाकूड फोडावं लागलं असतं.

यावर अभियंत्यांचा आक्षेप रास्त आहे. खाच घेतली की लाकूड घटतं आणि जोडलेली तुळई वाकताना अखंड तुळईच्या निम्म्याहूनही बरंच कमी बळ दाखवते. सुतारांना हे ठाऊक होतं. म्हणून ते तुळईचा जोड दोन खांबांच्या मधोमध टाळून खांबापासून थोड्या अंतरावर, वाकवणारा ताण कमी असतो तिथे घेतात. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात अनेक लाकडी घरांचे खांब खालच्या आडव्या लाकडातून उपटले गेले. तिथल्या कुसा आखूड होत्या, भिंती अपुऱ्या होत्या आणि पुष्कळ ठिकाणी लाकूड वाळवीने व कुजीने पोखरलेलं होतं. तरी निव्वळ कूस माणसांचे जीव वाचवू शकली नाही, हे मान्य करायलाच हवं. २००० साली सांध्यांवर धातूच्या पट्ट्यांचे नियम कडक झाले, ते योग्यच झालं.

पण ज्या वास्तूने शतकानुशतकं टिकायचं, तिथे हिशेब बदलतो, कारण तिथे दुर्मीळ असतं ते लाकूड. १९७६ साली पूर्ण झालेलं याकुशीजीचं मुख्य सभागृह नव्याने उभं करताना निशिओकांना पुरेशा जाडीचे हिनोकी वृक्ष जपानात मिळाले नाहीत. ते तैवानमधून आणावे लागले.