स्नेल डार्टर : नदीच्या तळाशी राहणाऱ्या एका लहान माशाची ओळख

मासा म्हटला की पाण्यात मोकळेपणाने तरंगणारा, क्षणात वर आणि क्षणात खाली सुळकांडी मारणारा प्राणी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु सर्वच मासे असे नसतात. कित्येक लहान मासे आपले सारे आयुष्य नदीच्या तळावर, वाळू आणि गोटे यांच्या आधाराने काढतात. ते बाजारात विकावयास येत नाहीत, आणि त्यांचा रंग तळाच्या रंगाशी इतका मिळताजुळता असतो की काठावर उभे राहून पाहणाऱ्यास ते दिसतही नाहीत. म्हणूनच ज्या नद्यांतील मोठे मासे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, त्याच नद्यांतील तळाच्या माशांची ओळख पुष्कळदा फार उशिरा होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्यात आढळणारा स्नेल डार्टर हा असाच एक मासा आहे. त्याची लांबी मोठ्या माणसाच्या बोटाएवढी, म्हणजे जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. तथापि या माशामुळे एका मोठ्या धरणाचे काम थांबले, देशाच्या सर्वोच्च न्यायालयास निर्णय द्यावा लागला आणि ‘जात’ कशास म्हणावे या जुन्या प्रश्नाचा पुन्हा विचार करणे भाग पडले.

शरीराची ठेवण

डार्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या सुमारे दोनशे जाती उत्तर अमेरिकेत आहेत. ‘डार्टर’ म्हणजे एकदम झेप घेणारा. हा मासा सतत पोहत नाही. तळावर निश्चल बसून राहतो, मग एकाएकी झेप घेतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा टेकतो.

याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. बहुतेक माशांच्या उदरात हवेने भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा विशेष श्रम न करता पाण्यात तरंगत राहू शकतो. डार्टर माशांत हे वाताशय अगदी लहान असते किंवा मुळीच नसते. त्यामुळे पोहणे थांबविताच मासा तळाशी जातो. तरंगणाऱ्या माशास हे व्यंग ठरले असते, परंतु वेगवान प्रवाहात राहणाऱ्यास ती सोयच आहे. वाहत्या पाण्याचा वेग सर्व खोलींवर सारखा नसतो. तळाशी घर्षणामुळे तो मंदावतो, आणि गोट्यांच्या आडोशास तर पाणी बरेच शांत असते. जो मासा तळास चिकटून राहील, त्यास प्रवाहाशी सतत झुंजावे लागत नाही. आपले रुंद, पंख्यासारखे पर पसरून डार्टर त्या ठिकाणी टेकून राहतो.

स्नेल डार्टर ओळखण्याची ठळक खूण त्याच्या पाठीवर असते. वरचा भाग तपकिरी, त्यात किंचित हिरवट छटा, आणि त्यावर घोड्याच्या खोगिरासारखे आडवे पसरलेले चार गडद पट्टे. पोटाकडचा भाग पांढरा. पाठीवर पर दोन, पुढचा काटेरी आणि मागचा मऊ. डोळे डोक्यावर वरच्या बाजूस असतात. पट्ट्यांमुळे माशाच्या शरीराची सलग रेषा तुटते, आणि गोट्यांवर पडलेल्या सावल्या कोणत्या व मासा कोणता हे ओळखू येत नाही.

भारतीय वाचकांस येथे आपल्याकडील डोंगरी ओढ्यांतील माशांचे स्मरण होईल. डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा माशांचा सखोल अभ्यास केला आणि प्रवाहाचा जोर त्यांच्या शरीराच्या घडणीत कसा उमटतो हे दाखविले. दख्खनच्या नद्यांतील ‘गॅरा’ वंशाच्या माशांच्या हनुवटीखाली एक चकतीसारखा अवयव असतो. त्याच्या साहाय्याने ते दगडास चिकटून राहतात. प्रश्न एकच, प्रवाहात टिकाव कसा धरावयाचा. दोन खंडांतील माशांनी त्याची निरनिराळी उत्तरे शोधली आहेत.

आहार आणि जीवनक्रम

नावाप्रमाणे या माशाचे मुख्य अन्न पाण्यातील लहान गोगलगायी हे होय. त्यांखेरीज तो पाण्यातील कीटकांच्या अळ्याही खातो. या गोगलगायी स्वच्छ गोट्यांवर वाढतात. गोट्यांवर गाळ साचला की त्यांचे जीवन अवघड होते, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशाचेही. म्हणून थंड, नितळ, वाहते पाणी आणि गाळ नसलेला गोट्यांचा तळ हे या माशाचे घर असते.

हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंताच्या आरंभी मादी गोट्यांच्या उथळ भागात अंडी घालते. पंधरा ते वीस दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. ती इतकी लहान असतात की प्रवाहाबरोबर वाहत जाऊन खालच्या संथ पाण्यात पोहोचतात. तेथे वाढल्यावर ती उलट दिशेने, प्रवाहाविरुद्ध, पुन्हा गोट्यांच्या भागाकडे परततात. या माशाचे आयुष्य दोन ते चार वर्षांचे असते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की या माशास नदीचा एकच तुकडा पुरत नाही. वरचा वेगवान भाग, खालचा संथ भाग आणि त्या दोहोंमधील मोकळी वाट, या तिन्हींची त्यास गरज असते.

शोध आणि नाव

१२ ऑगस्ट १९७३ रोजी टेनेसी विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड एट्नियर हे लिटल टेनेसी नदीत कॉयटी स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी पाण्यात उतरून तळाची पाहणी करीत होते. तेथे त्यांस हा मासा आढळला. त्याच्यासारखा मासा त्या नदीत पूर्वी कोणी नोंदविलेला नव्हता.

नवी जात निश्चित करावयाची तर एका दृष्टिक्षेपाने भागत नाही. अनेक नमुने गोळा करून प्रत्येकाच्या परांतील काट्यांची व मऊ शलाकांची संख्या, अंगाच्या कडेने जाणाऱ्या रेषेवरील खवल्यांची संख्या आणि पट्ट्यांची मांडणी तपासावी लागते. नंतर जवळच्या सर्व ज्ञात जातींशी तुलना करावी लागते. असे परिश्रम करून एट्नियर यांनी १९७६ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास ‘पर्सिना टानासी’ हे नाव दिले. टानासी हे त्याच नदीच्या काठी असलेल्या चेरोकी लोकांच्या एका प्राचीन गावाचे नाव. त्यावरूनच टेनेसी हे राज्याचे नावही पडले आहे.

धरण आणि न्यायालय

ज्या ठिकाणी हा मासा सापडला, त्याच्या खालच्या बाजूस टेलिको धरणाचे बांधकाम १९६७ पासून चालू होते. ते टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या शासकीय संस्थेचे काम होते. आपल्याकडील दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये याच संस्थेच्या नमुन्यावर स्थापन झाले. धरण पुरे झाले म्हणजे नदीचा सुमारे पन्नास किलोमीटरांचा वाहता भाग संथ जलाशय होणार, गोट्यांवर गाळ बसणार आणि माशांची परतीची वाट बंद होणार हे उघड होते. त्या वेळी हा मासा अन्यत्र कोठेही असल्याची माहिती नव्हती.

माशाच्या शोधानंतर अवघ्या साडेचार महिन्यांनी, २८ डिसेंबर १९७३ रोजी, अमेरिकेत संकटग्रस्त जातींच्या संरक्षणाचा कायदा अमलात आला. १९७५ मध्ये स्नेल डार्टरचा समावेश संकटग्रस्तांच्या यादीत झाला. हायरम हिल हा कायद्याचा विद्यार्थी आणि झिग्मंट प्लेटर हे कायद्याचे अध्यापक यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. १५ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत आणि धरण जवळजवळ पूर्ण झाले असले तरी ते पाळलेच पाहिजेत, असा त्याचा आशय होता.

यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन अपवाद मान्य करण्याचा अधिकार एका उच्चस्तरीय समितीस देण्यात आला. त्या समितीनेही जानेवारी १९७९ मध्ये एकमताने धरणास नकार दिला. तिचे कारण मासा नसून हिशेब होता. उरलेले थोडे काम पुरे करण्यास जो खर्च येईल, तोही धरणाच्या लाभातून भरून निघणार नाही, असे तिला आढळले. तरीसुद्धा त्याच वर्षी संसदेने एका खर्चविधेयकात वेगळे कलम घालून धरणास मोकळीक दिली. २९ नोव्हेंबर १९७९ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले. कॉयटी स्प्रिंग्ज आणि टानासी गावाची जागा, दोन्ही पाण्याखाली गेली.

मासा मात्र नष्ट झाला नाही. शास्त्रज्ञांनी आधीच काही शे मासे हायवॉसी नदीत नेऊन सोडले होते व ते तेथे रुजले. १९८० मध्ये साउथ चिकमॉगा या ओढ्यात हा मासा नैसर्गिक स्थितीत आढळला, आणि पुढे आणखी ठिकाणी सापडला. धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्यात प्राणवायूचे प्रमाण वाढविण्याचे उपायही झाले. १९८४ मध्ये धोक्याची पायरी एकाने खाली आली आणि २०२२ मध्ये त्याचे नाव यादीतून काढण्यात आले.

ओळख पुन्हा तपासताना

जानेवारी २०२५ मध्ये येल विद्यापीठातील टॉमस निअर आणि त्यांचे सहकारी यांनी एक संशोधन प्रसिद्ध केले. जुन्या व नव्या नमुन्यांची शरीरमापे आणि त्यांची आनुवंशिक द्रव्ये तपासून त्यांनी असा निष्कर्ष काढला की स्नेल डार्टर ही स्वतंत्र जात नाही. आर्कान्सा व आसपासच्या नद्यांत आढळणाऱ्या ‘पर्सिना युरॅनिडिया’ या जातीचाच तो पूर्वेकडील समूह होय. ज्या संख्यांवरून हे दोन मासे वेगळे मानले गेले, त्या संख्या अधिक नमुने पाहता एकमेकींत मिसळतात, असे त्यांचे म्हणणे आहे. हा निष्कर्ष सर्वांनीच मान्य केलेला नाही.

मग पूर्वीचा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? तसे म्हणता येणार नाही. जात ही निसर्गावर कोरलेली अक्षरे नव्हेत. हाती असलेल्या पुराव्यावरून शास्त्रज्ञाने केलेले ते विधान असते, आणि नवा पुरावा मिळताच ते तपासून घेणे हा शास्त्राचा धर्मच आहे. शिवाय १९७३ च्या कायद्यात जातीहून लहान गटास संरक्षण देण्याचीही तरतूद होती. नाव काहीही असो, त्या नदीत राहणारे मासे, त्यांच्या गोगलगायी आणि त्यांचे स्वच्छ गोटे हे सत्यच होते. नावाविषयी मतभेद होऊ शकतात. नदीचे वाहणे थांबले की काय घडते, याविषयी मात्र मतभेद नव्हता.

विद्यार्थ्यांनी यावरून एक सवय लावून घेण्यासारखी आहे. ओढ्याच्या तळाशी एखादा लहान मासा दिसला तर केवळ त्याचे नाव विचारून थांबू नये. पाणी किती खोल, किती वेगवान व किती गढूळ होते, तळ वाळूचा होता की गोट्यांचा, मासा बसून होता की पोहत होता, तो काय खात होता, तारीख कोणती, या गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. पुढे त्या माशाचे नाव बदलले तरी काळजीपूर्वक केलेली अशी नोंद खोटी ठरत नाही, आणि ओढ्यात उद्या काही बदल झाला तर तो ओळखण्याचे साधन म्हणून तीच कामी येते.